'मुंग'चं प्रकरण: इंग्रजीत नाव काढलेला बँड वेल्शमध्ये परत आला तेव्हा

१५ मे २००० रोजी ब्रिटनमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत एक अल्बम आला. नाव रोमन लिपीत चार अक्षरांचं, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात एकही स्वर सापडू नये असं. वेल्शमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्याच वेल्सच्या जुन्या भाषेत, डब्ल्यू हाही स्वर, आपल्या 'उ'च्या जागेवरचा. म्हणून उच्चार 'मुंग'. मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यांसमोर मुगाची डाळ आली, खोटं कशाला बोलू. अर्थ मात्र आयाळ. दहा गाणी, चाळीसेक मिनिटं, सगळं वेल्शमध्ये. ब्रिटनच्या अल्बम-यादीत तो ११ व्या क्रमांकापर्यंत गेला. संपूर्ण वेल्शमधला अल्बम त्या यादीच्या पहिल्या विसात त्याआधी कधीच पोचला नव्हता.

बँडचं नाव सुपर फरी ॲनिमल्स. हा त्यांचा चौथा अल्बम. आधीचे तिन्ही जवळपास पूर्ण इंग्रजीतले होते आणि ओएसिस हा गाजलेला बँड ज्या लेबलवर होता त्याच क्रिएशन रेकॉर्ड्सने काढलेले होते. म्हणजे लहान भाषेतून मोठ्या भाषेत गेलेली, तिथे नाव आणि पैसा दोन्ही मिळवलेली पोरं उलट्या दिशेने निघाली. ही गोष्ट बहुतेक वेळा भाषेचा विजय म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. त्यात थोडा हिशेब आहे, थोडा राग आहे आणि बराचसा आळसही असावा, चांगल्या अर्थाने.

आधीच्या वाटा

वेल्समधून आलेले आणि जगाला माहीत असलेले गायक आठवले तर बहुतेकांपुढे भाषेचा प्रश्न आलाच नव्हता. टॉम जोन्स पोंटप्रीदजवळच्या ट्रेफॉरेस्टचा, शर्ली बॅसी कार्डिफच्या टायगर बे बंदरवस्तीतली. दक्षिणेकडच्या कोळसा आणि बंदरांच्या वेल्समध्ये इंग्रजीच घरची झाली होती. वेल्श घरातून आलेल्यांची गोष्ट निराळी. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमधला जॉन केल गारनान्त गावचा. आजीच्या घरात इंग्रजीला बंदी, आई वेल्श बोलणारी, वडील फक्त इंग्रजी बोलणारे. शाळेत इंग्रजी शिकून सात वर्षांचा होईपर्यंत या मुलाला स्वतःच्या वडिलांशी नीट बोलता येत नव्हतं. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि त्याने व्हायोलाच्या एका ताणलेल्या सुरावर रॉक संगीताची दिशा बदलली, पण वेल्शमधून नाही. पोंटरडावेची मेरी हॉपकिन आधी वेल्शमध्ये छोट्या तबकड्या करत होती. १९६८ साली बीटल्सच्या ॲपल कंपनीने तिला घेतलं आणि इंग्रजी गाण्याने ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. सोल्वाच्या मीक स्टीव्हन्सने उलटं केलं. १९७० साली वॉर्नरसाठी इंग्रजी अल्बम काढला, ते जग त्याला मानवलं नाही, आणि १९७२ पासून तो पुन्हा वेल्शमध्ये गाऊ लागला. लंडनने मग त्याचं नाव घेतलं नाही.

थोडक्यात, दारं दोन होती आणि एकातून गेलं की दुसरं बंद होई.

वेल्श दारामागे काय होतं तेही पाहायला हवं, कारण पुढचा सगळा राग तिथला आहे. १९११ साली वेल्श बोलणारे पावणेदहा लाखांच्या वर होते. १९९१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडे वर, शेकडा १८.७. आजच्या कोल्हापूर शहरात जेवढी माणसं राहतात तेवढीच, किंबहुना किंचित कमी. १९६२ साली लेखक साँडर्स लुइस यांनी रेडिओवर भाषेच्या भवितव्यावर भाषण केलं आणि त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना उभी राहिली. १९६५ मध्ये लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव, शाळा आणि प्रार्थनाघरासकट, धरणाखाली गेलं. चार वर्षांनी दाविद इवान आणि ह्यू जोन्स यांनी इतरांसोबत 'साइन' ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिची पहिली तबकडी होती ह्यू जोन्सचं 'पाणी' नावाचं गाणं, त्याच धरणाबद्दलचं. दाविद इवान स्वतः भाषा संघटनेचा अध्यक्ष होता. इंग्रजी रस्त्याच्या पाट्यांना रंग फासल्याचा दंड भरायला नकार दिला म्हणून १९७० साली तो तुरुंगात गेला.

म्हणजे वेल्श पॉप जन्मापासूनच आंदोलनाच्या मांडीवर वाढलं. जलसे भाषा संघटना भरवायची, श्रोते मोर्च्यातले आणि गायकही मोर्च्यातले. त्यामुळे त्याला मायेचं छत मिळालं आणि त्याच छताखाली त्याची वाढ खुंटलीही. वेल्शमधून गाणं हे गाणं राहत नसे, ती हजेरी होई. आणि इंग्रजीतून गाणं म्हणजे गैरहजेरी.

पाच जण, आणि त्यांची घरं

सुपर फरी ॲनिमल्स १९९३ साली कार्डिफमध्ये जमले. गाणारा ग्रिफ रीस, गिटारवर ह्यू बनफर्ड, बासवर गिटो प्राइस, ड्रम्सवर दाविद येयान आणि कीबोर्डवर त्याचा धाकटा भाऊ कीअन किआरन. अगदी सुरुवातीला गायचं काम काही काळ रीस इवान्सकडे होतं. हाच पुढे 'नॉटिंग हिल'मधला अंतर्वस्त्रात दारात उभा राहणारा मित्र.

या मुलांची घरं बघितली की एक गैरसमज दूर होतो. भाषेपासून लांब गेलेली शहरी पोरं ती नव्हेत. ग्रिफ बेथेस्डाचा. पाटीच्या दगडाच्या खाणीखाली वसलेलं हे गाव, १९०० ते १९०३ असा तीन वर्षांचा संप पचवलेलं. त्याचे वडील ग्विनेद परगण्याच्या प्रशासनाचे प्रमुख होते, आणि त्या कचेरीचा अंतर्गत कारभार वेल्शमध्ये चाले. दाविद आणि कीअन यांचे वडील डॉ. कार्ल क्लाउस मँचेस्टरला वाढले. वेल्श त्यांनी मोठेपणी शिकून घेतली आणि समुद्रकाठी ओस पडलेलं नान्त गुर्थेइर्न हे खाणकामगारांचं गाव विश्वस्त निधी उभारून वेल्श शिकवण्याचं केंद्र केलं. भाषा वाचवायची म्हणजे काय करायचं, हे या पोरांनी ताटावर बसून ऐकलेलं होतं. मोठी होऊन ती त्याच विषयावर गाणार नाहीत हेही, माझ्या मते, तिथेच ठरलं असावं.

ग्रिफ आणि दाविदचा आधीचा बँड पूर्ण वेल्श होता. त्याच्या नावाचा अर्थ 'सगळ्यांच्या कॉफीच्या बिया'. ते नाव घाईत उच्चारलं की इंग्रजी कानाला सरळ शिवी ऐकू येते. हा विनोद फक्त दोन भाषांच्या मधे उभ्या असलेल्यालाच सुचतो. वेल्श भाषेशी त्यांचं नातं सगळं असंच आहे, आदरापेक्षा खोडीचं.

१९९५ साली आंक्स्ट या वेल्श लेबलवर त्यांची पहिली छोटी तबकडी आली. जगातल्या लांबलचक गावनावांपैकी एक असलेलं, ल्लानवाइरपुल्लने सुरू होणारं ते अठ्ठावन्न अक्षरी नाव त्यांनी शीर्षकासाठी उचललं आणि पुढे 'अंतराळात' असं जोडलं. अशा छोट्या तबकड्यांतल्या सर्वात लांब शीर्षकाचा विक्रम तिच्या नावावर लागला.

त्यानंतर लंडनच्या कॅमडनमधल्या एका पबात क्रिएशनच्या ॲलन मॅगीने त्यांना ऐकलं. आवडलं. त्याने फक्त एक सुचवलं, की जरा इंग्रजीत गायलं तर बरं होईल. ते संध्याकाळभर इंग्रजीतच गात होते. उच्चार इतका घट्ट वेल्श होता की त्याला कळलं नाही. हा किस्सा दोन्ही बाजूंनी इतक्यांदा सांगितला गेलाय की तो आता घासून गुळगुळीत झालाय. पण प्रकरणाच्या दृष्टीने त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. लंडनच्या कानाला हे लोक इंग्रजीत गायले तरी परकेच होते. भाषा बदलून त्यांनी जे विकत घेतलं ते फार तर बसायला जागा होती, घर नव्हे.

घरचा अहेर

पहिला इंग्रजी अल्बम १९९६ चा. त्याच वर्षी जाहिरातीसाठी ठेवलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी लष्करी चिलखती गाडी घेतली, निळी रंगवली आणि तिच्यातून कर्कश टेक्नो वाजवत ती संगीत महोत्सवांत फिरवली. १९९७ चा दुसरा अल्बम आठव्या क्रमांकावर गेला. वेल्ससाठीही दिवस तेजीचे होते. सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात वेल्सला स्वतःची विधानसभा मिळाली ती अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने. पुढच्या वर्षी मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स पहिल्यांदा सिंगल्सच्या यादीत अव्वल आले, १९९९ मध्ये स्टीरिओफोनिक्सचा अल्बम अव्वल आला, आणि कॅटॅटोनियाची केरिस मॅथ्यूज सगळ्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर होती. त्या काळच्या ब्रिटिश पॉपच्या लाटेला 'कूल ब्रिटानिया' म्हणत, पत्रकारांनी त्याच चालीवर याला 'कूल कमरी' म्हणायला सुरुवात केली. 'कमरी' म्हणजे वेल्स. ओएसिसच्या धाकट्या चुलतभावासारखं हे नाव त्या बँडांपैकी कुणाला मनापासून आवडलं असेल असं वाटत नाही.

या सगळ्या यशाला गावाकडून मात्र टाळ्या पडल्याच असं नाही. वेल्श संगीतातल्या जुन्या मंडळींना, वेल्शमधून इंग्रजीत गेलेले बँड म्हणजे फितूर वाटत. सुपर फरी, कॅटॅटोनिया, गॉर्कीज झिगॉटिक मन्की, सगळ्यांनाच हे ऐकून घ्यावं लागलं. वेल्श सांस्कृतिक जीवनाचा मोठा उत्सव म्हणजे आइस्तेद्वोद. त्याच्या आवारात फक्त वेल्श चालते, असा नियम १९५० पासून आहे. नियम समजण्यासारखा आहे. वर्षातला एक आठवडा तरी अशी जागा हवी जिथे बहुसंख्याकांची भाषा आत येणार नाही. पण त्याच नियमाची सावली माणसांवर पडली की ती नको तितकी लांब होते.

ग्रिफला हे लागलं होतं. 'मुंग'वर एक गाणं आहे, 'अमायलोदी आर अमलोन', म्हणजे 'कडेच्या मंडळींत नाव नोंदवणं', काठाचं सभासदत्व घेणं. एका समाजाने वाळीत टाकल्याबद्दलचं हे गाणं आहे आणि त्यात दोन जुने वेल्श वाक्प्रचार गुंफलेत. एक आहे 'कथ्राइल कानी', गाण्यातला सैतान. प्रार्थनाघरांच्या गायकमंडळींत कोण पुढे उभा राहणार, कुणाला एकट्याने गायला मिळणार यावरून जी भांडणं होत, गावं दुभंगत, त्याला वेल्श लोक हे म्हणतात. आपल्याकडच्या भजनी मंडळांत ज्याने चार वर्षं काढलीत त्याला हा सैतान चांगला ओळखीचा असेल. दुसरा वाक्प्रचार खेळता खेळता खेळ कडू होण्याचा.

नीट पाहा, तक्रार कुणाबद्दल आहे आणि ती कोणत्या भाषेत केली आहे. वेल्शवाल्यांनी वाळीत टाकलं याची तक्रार, वेल्शवाल्यांशिवाय कुणाला कळणार नाही अशा भाषेत. हे इंग्रजीत गायलं असतं तर ती चुगली झाली असती. वेल्शमध्ये ते घरातलं भांडण राहिलं. माझ्या मते सगळा अल्बम वेल्शमध्ये का, याचं सर्वात प्रामाणिक उत्तर या एका गाण्यात आहे.

निर्णय

१९९९ चा तिसरा अल्बम त्यांनी ठरवून लोकप्रिय केला होता. पीटर गॅब्रिएलच्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत, भरपूर यंत्रं, भरपूर थर, नाण्यावर चालणाऱ्या गाण्याच्या पेटीसारखं एकामागून एक सिंगल होईल असं गाणं. अल्बम पहिल्या दहात गेला, पण सिंगल्सनी अपेक्षेइतका हात दिला नाही. त्यावर त्यांनी 'पॉप संप' पुकारला. शब्द गंमतीचा आहे, पण तीन वर्षं संप केलेल्या गावचा माणूस तो शब्द उगाच वापरत नसणार. त्याच सुमारास क्रिएशन बंद होणार हे उघड झालं.

आता १९९९ च्या अखेरीस टेबलावर काय होतं ते मांडू. दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे जाऊन लगेच इंग्रजी अल्बम करणं, हा सरळ मार्ग. इंग्रजीत चार-पाच वेल्श गाणी मिसळणं, हा मधला. तो वाईट नव्हता, कॅटॅटोनियाने एका गाण्यात कडवी वेल्श आणि ध्रुवपद इंग्रजी ठेवून तो यशस्वी करून दाखवला होता. आणि तिसरा, साठलेली वेल्श गाणी तेवढी घेऊन, स्वस्तात, स्वतःच.

गाणी साठली होती हे विसरू नये. 'दाकु ही' हे गाणं ग्रिफने १९८७ साली, म्हणजे सतरा वर्षांचा असताना लिहिलं होतं. डोक्याच्या मागेही डोळे आहेत असा दावा करणाऱ्या शाळेतल्या बाईंबद्दल आहे ते. म्हणजे 'परत वळणं' म्हणतो ते वळणं नव्हतंच. इंग्रजी कारकीर्द चालू असताना वेल्श गाणी बाजूच्या खोलीत वाढत होती. सिंगल्सच्या मागच्या बाजूला त्यांनी ती अधूनमधून टाकलीही. त्यातल्या एकाचं शीर्षक वाचण्यासारखं आहे: '(नाही) हेच ते गाणं जे भाषेला वाचवणार आहे'. 'नाही' मुद्दाम कंसात. हवं तसं वाचा. वडिलांची पिढी ज्या प्रश्नावर तुरुंगात गेली, त्याचा मुलाने एका कंसात केलेला हा निकाल मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा खरा वाटतो.

त्यांनी तिसरा मार्ग घेतला. निर्माता जुनाच, गॉरवेल ओवेन. बरंचसं काम अँगलसी बेटावरच्या ल्लानवायलोग गावातल्या त्याच्या स्टुडिओत झालं. स्टुडिओचं नाव 'ओव्न'. इंग्रजाला भट्टी वाटेल, पण वेल्शमध्ये अर्थ भीती. बहुतेक गाणी एकत्र बसून, एका दमात वाजवलेली. थर कमी, खोलीचा आवाज जास्त. सगळ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण सुमारे ६ हजार पौंडांत उरकलं. मोठ्या लेबलवरच्या बँडसाठी ही किरकोळ रक्कम. आणि अल्बम काढला स्वतःच्याच 'प्लॅसिड कॅज्युअल' या लेबलवर. हे नाव त्यांच्याच एका जुन्या गाण्याचं.

हा आकडा या प्रकरणाचा कणा आहे. मोठी कंपनी जेव्हा 'या भाषेत कोण ऐकणार' असं विचारते तेव्हा ती भाषेचा अपमान करत असतेच असं नाही. तिच्या खर्चाच्या मानाने किती विकायला हवं, एवढाच तिचा प्रश्न असतो. खर्च उतरवला की तो प्रश्न आपोआप लहान होतो. आपल्याकडेही मराठीत वेगळं काही गाऊ पाहणाऱ्याला हाच प्रश्न ऐकवतात आणि तो बिचारा उत्तरादाखल अस्मितेवर बोलू लागतो. या लोकांनी आधी खर्च उतरवला.

गाण्यांत काय आहे

पहिलं गाणं 'द्रग्योनी', म्हणजे दुष्टपणा. दीड मिनिटाच्या आत संपतं. खरडल्यासारखी गिटार, घाईचा आवाज, कुणी दार उघडलं आणि लगेच आपटलं असं. 'पान दाउर वाउर' म्हणजे 'पहाट होईल तेव्हा', आटत चाललेल्या खेड्यांबद्दलचं. 'अस्बेइद्याई हेइलोग' या सिंगलच्या शीर्षकाचा अर्थ 'अधूनमधून ऊन'. वेल्श हवामान वृत्तात रोज येणारे हे शब्द. चाल साठच्या दशकातल्या उन्हाळी पॉपसारखी उड्या मारणारी.

'सार्न हेलेन'पाशी जरा थांबतो. हे एका रोमन रस्त्याचं नाव. वेल्सच्या उत्तरेतून दक्षिणेत जाणारा, आज तुकड्या-तुकड्यांत उरलेला. दंतकथा सांगते की मॅग्नस मॅक्सिमस या रोमन सेनापतीची वेल्श राणी एलेन हिच्यावरून तो ओळखला जातो. आता नकाशा काढा. आजही उत्तरेतल्या बँगोरहून दक्षिणेतल्या कार्डिफला थेट आगगाडीने जायचं तर ती वाटेत इंग्लंडमधल्या श्रूझबरीवरून जाते. देशाच्या दोन टोकांना जोडणारी वाट दुसऱ्या देशातून. रोमनांनी मात्र ती आतून काढली होती. गाणं संथ, जड पावलांचं आहे, कीबोर्डचा खर्ज एखाद्या फौजेच्या चालीसारखा. बेथेस्डा सोडून कार्डिफला आलेल्या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यावर गाणं करावं यात मला तरी इतिहासाची हौस कमी आणि घरी जायच्या रस्त्याचा वैताग जास्त दिसतो.

आणि 'अ तेइमलाद'. दहांपैकी हे एकच गाणं दुसऱ्याचं. मूळ 'दातब्लगी' या बँडचं. लोक ज्याला प्रेम म्हणतात ती भावना नेमकी कुठली, असं विचारणारं साधं गाणं. दातब्लगीचा डेव्हिड आर. एडवर्ड्स ऐंशीच्या दशकात वेल्शमध्ये राहून वेल्शवाल्यांवर कोरडे ओढत असे. सुखवस्तू, नोकरदार, भाषेच्या नावावर बस्तान बसवलेल्यांवर. बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील त्यांची गाणी इंग्रजी श्रोत्यांना ऐकवी, तेव्हा वेल्सच्या बाहेर कुणाला शब्द कळत नसत आणि तरी ऐकलं जाई. सुपर फरींनी आंदोलनाच्या गायकांतलं कुणी न निवडता या भांडकुदळाला निवडलं. आपण कुठल्या घराण्याचे हे त्यांनी तिथे सांगून टाकलं.

घराण्यावरून एक आडवळण. वेल्शमधला पहिला विजेच्या गिटारींचा बँड १९६७ सालचा, ॲबरिस्टविथच्या विद्यार्थ्यांचा. नाव 'अ ब्लेउ', म्हणजे केस. एकच सिंगल काढून संपला. त्या सिंगलचं नाव 'माइस बी', आणि आज आइस्तेद्वोदमध्ये तरुणांच्या रात्रीच्या जलशांच्या मैदानाला तेच नाव आहे. केस, मग अतिकेसाळ प्राणी, मग आयाळ. योगायोग असेल, पण वेल्श रॉकला केसांचं काहीतरी आहे.

निकाल, आणि तो कसा वाचायचा

११ वा क्रमांक मिळाला. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. प्लेइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे खासदार एल्विन ल्लूइड यांनी संसदेत अभिनंदनाचा प्रस्ताव मांडून या अल्बममध्ये वेल्श राष्ट्राच्या नव्या आत्मविश्वासाची लाट पाहिली. वाळीत टाकल्याची कुरकूर करणारा अल्बम, आणि त्यावर राष्ट्राच्या आत्मविश्वासाचा शिक्का. ग्रिफच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते बघायला मिळालं असतं तर मजा आली असती.

११ व्या क्रमांकाचं श्रेय भाषेला देताना मात्र मी हात आखडता घेईन. आधीचे दोन अल्बम आठव्या आणि दहाव्या क्रमांकावर गेले होते. म्हणजे बँडचा पक्का श्रोता तयार होता आणि त्यातला फार मोठा वाटा वेल्श न कळणाऱ्यांचा. एवढ्याशा भाषेने एकटीने एखादा अल्बम ब्रिटनच्या यादीत इतका वर ढकलला असता, हे मला पटत नाही. 'मुंग'ने दाखवलं ते वेगळं आहे. इंग्रजी श्रोता भाषा न कळता चाळीस मिनिटं ऐकायला तयार असतो, जर गाणाऱ्यावर त्याचा आधीच विश्वास असेल तर. तो विश्वास इंग्रजी अल्बमांनी कमावला होता. ज्याला फितुरी म्हटलं गेलं त्याच पैशावर हा अल्बम उभा राहिला, हे गावाकडच्या टीकाकारांना कबूल करणं जड गेलं असेल.

पुढचं पाऊलही या वाचनाला धरून आहे. २००१ मध्ये ते सोनीच्या एपिक लेबलवर गेले, पुन्हा इंग्रजीत, भरपूर खर्चाने. तो अल्बम तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि त्यात एका गाण्यावर पॉल मॅकार्टनीने भाजी चावण्याचा आवाज दिला आहे. बँडने संपूर्ण वेल्श अल्बम पुन्हा केला नाही. ग्रिफने एकट्याने केला, २००५ मध्ये, आणि २०१९ मध्ये जवळपास पूर्ण वेल्श असा आणखी एक.

'मुंग'मुळे वेल्श संगीताचे दिवस पालटले असं लिहिणारेही आहेत. ते मला घाईचं वाटतं. 'मुंग'नंतर सातच वर्षांनी, २००७ साली, गाणी वाजवल्याचं मानधन गीतकार-संगीतकारांना वाटणाऱ्या परफॉर्मिंग राइट सोसायटीने ते वाटायची पद्धत बदलली आणि बीबीसीच्या रेडिओ कमरीवर वाजणाऱ्या वेल्श गाण्यांचे पैसे इतके घटले की कित्येक जणांचं पोट त्यावर चालेनासं झालं. शेवटी शेकडो संगीतकारांनी 'एओस', म्हणजे नाइटिंगेल, ही आपली संस्था काढून सोसायटीकडून हक्क काढून घेतले, आणि १ जानेवारी २०१३ पासून काही आठवडे वेल्श भाषेच्या राष्ट्रीय रेडिओवर बहुतेक वेल्श गाणी वाजवताच आली नाहीत. एखादा अल्बम ११ व्या क्रमांकावर गेल्याने मिनिटामागचा दर ठरत नाही.

तरी काही फरक पडलेला दिसतो, आणि तो आकड्यांत कमी, सवयीत जास्त आहे. ल्लानरिगच्या 'आल्फा' या दोन पोरांच्या बँडचं 'ग्वेनविन', म्हणजे 'विष', हे गाणं २०१८ मध्ये स्पॉटिफायवर दहा लाखांवर वेळा ऐकलं गेलं. पूर्ण वेल्श गाण्याला तिथे तो आकडा पहिल्यांदाच मिळाला. त्याच वर्षी कार्डिफच्या ग्वेन्नो या गायिकेने एक अख्खा अल्बम कॉर्निशमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलच्या भाषेत काढला, जी भाषा सफाईने बोलणारी माणसं काहीशेच्या घरात असतील. इंग्रजीत का नाही, हा प्रश्न तिला मुलाखतींत विचारला गेला, पण फितूर कुणी म्हटलं नाही. जनगणना मात्र खालीच चालली आहे. २००१ मध्ये २०.८ टक्के, २०११ मध्ये १९, २०२१ मध्ये १७.८.

२०१५ साली डॉमिनो कंपनीने 'मुंग' पुन्हा काढला आणि बँड बऱ्याच वर्षांनी दौऱ्यावर निघाला. पुढच्या वर्षी वेल्सचा फुटबॉल संघ युरो स्पर्धेत उतरला, १९५८ नंतरची पहिली मोठी स्पर्धा. त्यासाठी सुपर फरींनी एक नवं सिंगल केलं. वेल्शमध्ये. शीर्षक 'बिंग बाँग'.